चाचणीशिवाय शिफारस नको: वृत्तवाहिन्यांचे मालक आणि संपादक यांना खुले पत्र

सन्माननीय मालक आणि संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी ज्या वृत्तवाहिनीत काम करत होते तिथला तंत्रज्ञान विभाग गेल्या महिन्यात बंद झाला. विभाग म्हणजे फार मोठे काही नव्हते. एक निर्माता, एक कॅमेरामन, दुसऱ्या विभागाबरोबर वाटून घेतलेला संकलक, चाचण्यांसाठी मिळालेली एक अरुंद खोली आणि मी. विभाग बंद झाला म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. पैशाचे गणित बसत नसेल तर कोणत्याही संस्थेला काटछाट करावी लागते, हे मला समजते. मी लिहिते आहे ते त्यापाठोपाठ झालेल्या निर्णयाबद्दल. विभाग गेला तरी त्याचा अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरूच राहणार आहे. त्याचे नाव तेच, शीर्षकसंगीत तेच, वार आणि वेळही तीच. यापुढे तो जाहिरात विभाग तयार करणार, ज्या कंपनीचे उपकरण दाखवायचे तिच्याकडून त्याचे पैसे घेणार, आणि पडद्यावरचा चेहरा मात्र माझाच असावा, अशी सूचना मला करण्यात आली. ती मी नाकारली आणि राजीनामा दिला.

वाहिनीचे नाव मी लिहीत नाही. प्रश्न एका वाहिनीचा असता तर मी तो बैठकीतच मांडून थांबले असते. पण या व्यवसायातल्या ज्या ज्या सहकाऱ्यांशी मी अलीकडे बोलले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी हाच क्रम सांगितला: आधी चाचणीचा खर्च थांबतो, मग बातमीदार कमी होतात, मग कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘सौजन्याने’ हा शब्द येतो आणि शेवटी सबंध कार्यक्रमच विकला जातो. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे, आणि ते अशा प्रेक्षकांसमोर आहे जे आमचे बोलणे ऐकून वस्तू घरात आणतात.

मी १९९९ मध्ये उमेदवार बातमीदार म्हणून या कामाला लागले. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. जुन्या संगणकप्रणालींमध्ये वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असल्यामुळे २००० साल उजाडताच संगणक त्याला १९०० समजतील आणि बँकांपासून वीजकेंद्रांपर्यंत गोंधळ उडेल, अशी ती भीती होती. ३१ डिसेंबरची रात्र मी वृत्तकक्षात काढली. पहाटेपर्यंत फारसे काही बिघडले नाही आणि सकाळच्या बैठकीत ‘एवढा गाजावाजा उगीचच केला’ असा सूर निघाला. तेव्हाच्या संपादकांनी मला दोन मिनिटे दिली आणि सांगितले, काहीच का घडले नाही ते लोकांना समजावून सांग. असंख्य प्रोग्रामरांनी आधीची काही वर्षे जुन्या प्रणालींची एकेक ओळ तपासून दुरुस्त केली म्हणून ते संकट आले नाही, हे मी त्या दोन मिनिटांत सांगितले. न घडलेल्या गोष्टीच्या बातमीला वेळ देणारा संपादक मला पहिल्याच वर्षी भेटला, हे मी माझे मोठे भाग्य समजते. पुढे जे काही शिकले त्याचे मूळ त्या सकाळी आहे.

या कामाला बाहेरचे लोक ‘गॅजेटचा कार्यक्रम’ म्हणतात, आणि पडद्यावर दिसते तेवढ्यावरून त्यांचे चुकत नाही. दिसत नाही तो भाग मोठा आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्याचे चित्रण करताना कॅमेऱ्याचे शटर आणि पडद्याचा वेग जुळला नाही की चित्रावरून काळा पट्टा सरकत राहायचा. तो घालवण्यात आमचा अर्धा अर्धा दिवस गेलेला आहे. पुढे सपाट पडदे आले, तेव्हा पट्ट्याच्या जागी बारीक जाळीची नक्षी दिसू लागली. हे झाले चित्रणाचे. फोनची बॅटरी किती टिकते ते दीड मिनिटाच्या बातमीत एका वाक्यात येते, पण ते वाक्य बोलण्याआधी तोच फोन, पडद्याचा तेवढाच उजेड ठेवून, तोच व्हिडिओ लावून, पूर्ण भरल्यापासून पूर्ण संपेपर्यंत निदान तीन वेळा चालवावा लागतो. कंपनीने पाठवलेला नमुना आणि दुकानातून पावतीवर आणलेला नग शेजारी ठेवून पाहावे लागतात. त्यात आठवडा जातो, आणि आठवड्याच्या अखेरीस कधी कधी निष्कर्ष एवढाच निघतो की यात सांगण्यासारखे काही नाही. आमच्या खोलीत एक जाड वही होती. प्रत्येक चाचणीची तारीख, उपकरणाचा क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, खोलीचे तापमान आणि आलेला आकडा तिच्यात लिहिला जाई. निर्माता कडक होता. वहीत नोंद नसेल तर ते वाक्य तो संहितेतून काढून टाकी.

दूरचित्रवाणीने हे काम पूर्वी किती गंभीरपणे केले आहे, याची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘टुमॉरोज वर्ल्ड’ हा कार्यक्रम १९६५ पासून २००३ पर्यंत चालवला. त्याच बीबीसीने जानेवारी १९८२ मध्ये ‘द कॉम्प्युटर प्रोग्रॅम’ ही दहा भागांची मालिका दाखवली, आणि तिच्या जोडीला अ‍ॅकॉर्न या कंपनीकडून एक संगणक बनवून घेतला. बीबीसी मायक्रो नावाचा हा संगणक १५ लाखांहून अधिक विकला गेला आणि शाळाशाळांत पोहोचला. अ‍ॅकॉर्नमधल्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे आर्म प्रोसेसरची रचना केली, त्याची पहिली चिप १९८५ मध्ये आली, आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये त्याच रचनेचा वंशज आहे. अमेरिकेत स्टुअर्ट शिफे यांनी ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ जवळपास दोन दशके चालवला. त्यांच्यासोबत सुरुवातीची वर्षे गॅरी किल्डॉल बसत, ज्यांनी स्वतः सीपी/एम ही संगणकप्रणाली लिहिली होती. स्वतः प्रणाली लिहिणारा माणूस स्टुडिओत बसून प्रश्न विचारतो आहे, ही केवढी चैन होती याची कल्पना आज येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की बीबीसीने तर स्वतःच्या नावाचा संगणक विकला, मग प्रायोजित कार्यक्रमात वाईट काय? मी या आक्षेपाचा विचार केला आहे. बीबीसीने आपले नाव त्या यंत्रावर उघडपणे छापले होते, ते यंत्र कसे असावे याची अपेक्षा तिने आधी स्वतः ठरवली होती आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रस्तावांतून निवड केली होती. कोण काय विकतो आहे, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात संभ्रम नव्हता. आज तुम्ही जे करायला निघाला आहात, त्याचे मोल संभ्रमावरच ठरते, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

सहा वर्षांपूर्वी मी असा एक भाग स्वतः सादर केला आहे. त्या वेळी सबंध कार्यक्रम विकला गेला नव्हता, फक्त चार मिनिटांचा एक तुकडा. घरात बसवायच्या कॅमेऱ्याचा तो तुकडा जाहिरात विभागाकडून लिहून आला, आणि मी तो नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात वाचला. ‘प्रायोजित’ हा शब्द पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तीन सेकंद दिसला. कॅमेऱ्याची चाचणी आम्ही केली नव्हती. दोन महिन्यांनी एका आईचे पत्र आले. बाळाच्या खोलीत लावलेल्या त्या कॅमेऱ्यातून रात्री अनोळखी माणसाचा आवाज आला, असे तिने लिहिले होते. पत्रात राग नव्हता. ‘तुम्ही सांगितले म्हणून घेतला’ एवढे एकच वाक्य माझ्यासाठी होते. बाकी सगळे, आता काय करू, असे विचारणारे होते.

त्यानंतर आम्ही तोच कॅमेरा विकत आणला. प्रत्येक नगाला कारखान्यातून एकच पासवर्ड दिलेला होता आणि तो बदलायला लावणारी कोणतीही सूचना सुरू करताना येत नव्हती. हे मला आधी सुचायला हवे होते, कारण २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने नेमके हेच दार वापरले होते. कारखान्यातले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर त्याने हेरले, आपल्या ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देण्याचे काम करणाऱ्या डाइन या कंपनीवर एवढा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांसाठी काही तास बंद पडली. ती बातमी मीच केली होती. तरीही मी तो तुकडा वाचला. चाचणीत जे आढळले ते कार्यक्रमात दाखवू द्यावे, अशी विनंती आम्ही केली, तेव्हा करारातले एक कलम दाखवण्यात आले: ठरलेली मुदत संपेपर्यंत त्या उत्पादनाबद्दल प्रतिकूल काही दाखवायचे नाही. त्या आईला मी स्वतः पत्र लिहून पासवर्ड कसा बदलायचा ते सांगितले आणि क्षमा मागितली. इतर ज्यांनी तो कॅमेरा घेतला त्यांना मी काही सांगू शकले नाही, आणि ते ओझे माझ्यावरून उतरलेले नाही. नव्या योजनेत असा तुकडा चार मिनिटांचा राहणार नाही, अर्ध्या तासाचा होईल आणि दर आठवड्याला दिसेल.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर तंत्रज्ञानाचे जाणकार म्हणून येणारे काही जण ज्या कंपन्यांची उपकरणे दाखवत होते त्यांच्याकडूनच पैसे घेत होते आणि प्रेक्षकांना ते सांगितले जात नव्हते, हे २००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने उघड केले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये शिफारशीमागचे आर्थिक संबंध उघड करण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे अधिक कडक केली. त्यातले साधे तत्त्व, पैसे घेतले असतील तर ते समोरच्याला कळेल अशा रीतीने सांगा, हे पाळायला कायद्याची वाट पाहावी लागू नये.

दुसरी तक्रार चाचणी थांबवण्याबद्दल आहे. चाचणी बंद झाली की पडद्यावर दाखवायला कंपनीने दिलेली चित्रफीत उरते. चित्रफितीवर विसंबणे किती घातक आहे, हे सांगायला मला लांब जावे लागत नाही. २०१८ मध्ये निकोला या अमेरिकी ट्रक कंपनीने रस्त्यावरून धावणाऱ्या आपल्या ट्रकचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. तो ट्रक स्वतःच्या शक्तीवर धावत नव्हता, उतारावरून घरंगळत होता, हे २०२० मध्ये बाहेर आले. कंपनीचे संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने फसवणुकीबद्दल दोषी ठरवले, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये गूगलने जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात ती माणसाच्या हालचाली पाहत त्याच्याशी सहज बोलत असल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात तिला स्थिर चित्रे आणि लिखित सूचना देऊन मिळवलेली उत्तरे त्या व्हिडिओत जोडली होती, हे कंपनीने नंतर मान्य केले. अशा चित्रफिती जशाच्या तशा, वर निवेदकाचा आवाज चढवून दाखवणे म्हणजे आपल्या आवाजाची साक्ष दुसऱ्याच्या दाव्याला देणे होय.

उलट चाचणी केली तर काय होते, तेही पाहावे. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगचा घडी घालता येणारा गॅलेक्सी फोल्ड पत्रकारांच्या हातात आला आणि काही दिवसांतच त्यांतल्या काही फोनचे पडदे निकामी झाले. पडद्यावरचा एक थर काहींनी संरक्षक कागद समजून काढून टाकला होता. काहींनी तो काढला नव्हता, तरी पडदा बिघडला. २६ एप्रिलची विक्री कंपनीने पुढे ढकलली आणि सुधारलेला फोन सप्टेंबरमध्ये आणला. मूठभर पत्रकारांनी वापरून पाहिला म्हणून तो दोष ग्राहकांच्या माथी बसला नाही. तसेच, काही कंपन्यांचे फोन वेग मोजणारे अ‍ॅप ओळखतात आणि तेवढ्यापुरता आपला वेग वाढवतात, हे आनंदटेक या संकेतस्थळाने २०१३ मध्ये दाखवून दिले होते. असे शोध लागायला वेळ आणि जिद्द लागते, आणि दोन्हींचा पगार कोणीतरी द्यावा लागतो. आनंदटेक २७ वर्षे चालले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडले. मोजमाप करणाऱ्यांची संख्या सगळीकडेच घटते आहे, म्हणून वाहिन्यांनी माघार घेणे मला अधिक जड वाटते.

तिसरी गोष्ट मालकांना उद्देशून आहे. जानेवारी २०१३ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या संपादकांनी डिश या उपग्रह दूरचित्रवाणी कंपनीच्या ‘हॉपर’ या कार्यक्रम साठवून दाखवणाऱ्या उपकरणाला सर्वोत्तम ठरवले होते. सीनेटची मालकी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीकडे होती, आणि जाहिराती वगळून कार्यक्रम दाखवण्याच्या सोयीवरून तिचा डिशशी खटला सुरू होता. सीबीएसने ते नाव काढायला लावले. सीनेटचे बातमीदार ग्रेग सँडोव्हल यांनी राजीनामा दिला, आणि प्रदर्शनाच्या आयोजकांनी हॉपरला तो सन्मान पुन्हा देऊन सीनेटशी असलेला पुरस्कारांचा करार संपवला. मालकाने वाचवले काय आणि गमावले काय, याचा हिशेब आपण सर्वांनी शांतपणे करावा. संपादकांचा निर्णय फिरवता येतो; फिरवलेल्या निर्णयानंतर पुढच्या शंभर निर्णयांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

चौथी तक्रार कार्यक्रमाच्या पलीकडची आहे, आणि माझ्या मते ती सर्वांत गंभीर आहे. तंत्रज्ञानाचा बातमीदार आठवड्यातला एक कार्यक्रम करतो, पण वृत्तकक्षात तो रोज असतो. १९ जुलै २०२४ च्या दिवशी जगभरातली विमानतळे, रुग्णालये आणि बँका एकाएकी अडखळल्या. आमच्या पडद्याखालच्या पट्टीवर ‘जागतिक सायबर हल्ला’ असे शब्द चढले. मी धावत जाऊन ते बदलायला लावले, कारण बंद पडलेल्या संगणकांवरचा निळा पडदा आणि ते सुरू होण्याआधीच पुन्हा पुन्हा बंद पडत होते तो प्रकार पाहता, हे हल्ल्यापेक्षा बिघडलेल्या अद्ययावतीकरणासारखे दिसत होते. पुढे तेच निघाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल त्याला कारण होती. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक तोवर सापडले होते. त्या सकाळी ब्रिटनची स्काय न्यूज ही वाहिनी स्वतः काही काळ थेट प्रक्षेपण करू शकली नाही. म्हणजे ज्या विषयाचा विभाग तुम्हाला अनावश्यक वाटतो, तो विषय तुमची वाहिनीच बंद पाडू शकतो. पुढच्या वेळी ती पट्टी कोण दुरुस्त करणार?

सॉफ्टवेअरची चूक माणसाच्या आयुष्यावर कशी येते, याचे याहून भयंकर उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचे आहे. होरायझन या हिशेबप्रणालीतल्या दोषांमुळे खात्यांत तूट दिसू लागली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपपोस्टमास्तर चोरी आणि अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरवले गेले. मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या संगणकक्षेत्रातल्या नियतकालिकाने यांपैकी सात जणांची कहाणी छापली. न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले. दूरचित्रवाणीने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. २०१५ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने या विषयाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला होता. पण साऱ्या देशाचे लक्ष त्याकडे खऱ्या अर्थाने गेले ते जानेवारी २०२४ मध्ये, आणि तेही आयटीव्हीवरच्या एका नाट्यमालिकेमुळे. मी ही तारखांची ओळ अनेकदा मनाशी म्हणते. ‘संगणक चुकत नाही’ या समजुतीला तोंडावर प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक मोठ्या वृत्तकक्षात २००९ मध्ये असता, तर त्यांतली काही घरे लवकर वाचली असती, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणखी एक बाब थोडक्यात. विभागासोबत उमेदवारीची जागाही गेली. माझ्या हाताखाली शिकलेली दोन तरुण मुले आता कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांत आहेत. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही; त्यांना राहण्यासाठी आपण जागाच ठेवली नाही.

आमच्या व्यवसायाच्या चुकाही मी लपवणार नाही. कंपन्यांच्या खर्चाने प्रदर्शनांना जाणे आम्ही बरीच वर्षे सवयीचे मानले. दूरचित्रवाणीला दृश्य हवे असते आणि त्या हव्यासापोटी चाचणीही खोटी होऊ शकते: नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसीच्या ‘डेटलाइन’ने जनरल मोटर्सच्या ट्रकला टक्कर बसताच आग लागते असे दाखवले, आणि ती आग नक्की लागावी म्हणून ट्रकखाली पेटवणारी साधने बसवली होती असे नंतर उघड झाले. फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीने प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली. म्हणूनच मला त्या जाड वहीचे एवढे मोल आहे. पडद्यावर जे दाखवले ते खोलीत खरोखर घडले, याचा तोच पुरावा असतो.

तुमच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात. पहिला, हे काम आता इंटरनेटवरची तरुण मंडळी करतात. त्यांच्यापैकी काहींच्या चाचण्या आमच्यापेक्षा काटेकोर असतात, हे मी आदराने मान्य करते. अमेरिकेत १९९८ मध्ये झेडडीटीव्ही म्हणून सुरू झालेली टेकटीव्ही ही केवळ तंत्रज्ञानाची वाहिनी २००४ मध्ये दुसऱ्या वाहिनीत विलीन होऊन संपली, आणि तिथले निवेदक लिओ लापोर्ट पॉडकास्टकडे वळून पुन्हा उभे राहिले. माणसे आपली वाट काढतात. पण इंटरनेटवर प्रेक्षक शोधत जातो, आणि शोधायचे काय हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते सापडते. घरात कॅमेरा लावताना पासवर्ड बदलायचा असतो, ही माहिती जी आई कधी शोधणार नव्हती तिच्यापर्यंत दूरचित्रवाणी आपणहून पोहोचते. दुसरा मुद्दा खर्चाचा. तो खरा आहे, आणि त्यावर उपाय आहेत. दर आठवड्याऐवजी महिन्यातून एक भाग करा. दोन-चार वाहिन्यांनी मिळून एक चाचणीकक्ष चालवावा आणि निष्कर्ष वाटून घ्यावेत. विकत आणलेली उपकरणे चाचणीनंतर विकून टाकावीत. यातले काहीही न करता कार्यक्रम विकण्याचा निर्णय झाला, हे मला मान्य नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. पैसे घेऊन बनवलेल्या कार्यक्रमाला पत्रकारितेच्या कार्यक्रमाचे नाव, संगीत आणि वेळ देऊ नये. तो दाखवायचाच असेल तर नव्या नावाने दाखवावा आणि ‘ही जाहिरात आहे’ हे शब्द सहज वाचता येतील अशा अक्षरांत पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत पडद्यावर ठेवावेत, तसेच निवेदकाने ते तोंडानेही सांगावेत. बातम्या देणाऱ्या कोणत्याही पत्रकाराला जाहिरात वाचायला लावू नये, आणि नकार दिल्याबद्दल त्याची नोकरी धोक्यात येऊ नये. प्रतिकूल बातमी दाखवायची नाही असे कलम असलेला करार कोणत्याही वाहिनीने करू नये; आज असे करार असतील तर ते जाहीर करावेत. कंपनीने दिलेली चित्रफीत वापरली तर ती कंपनीची आहे असे त्याच क्षणी पडद्यावर लिहावे. प्रत्येक वृत्तकक्षात तंत्रज्ञानाचा निदान एक पूर्णवेळ बातमीदार असावा आणि सुरक्षेशी संबंधित बातमी प्रसारित होण्याआधी त्याच्या नजरेखालून जावी. आणि आजवर ज्या उत्पादनांची शिफारस प्रायोजित तुकड्यांतून केली, त्यांची यादी प्रेक्षकांसाठी खुली करावी, म्हणजे तो कॅमेरा ज्यांच्या घरी अजूनही भिंतीवर आहे त्यांना कळेल.

नव्या रूपातला पहिला भाग प्रसारित होण्यापूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, अशी माझी विनंती आहे. उत्तर मी याच पत्राप्रमाणे सर्वांसमोर ठेवीन, मग ते माझ्या मताविरुद्ध असले तरी.

जाताना मी चाचणीच्या खोलीची किल्ली आणि ती वही प्रशासनाकडे जमा केली आहे. वहीत तीन चाचण्या अपुऱ्या आहेत. त्यांतल्या दोन सोडून दिल्या तरी चालतील. तिसरी लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या एका मनगटी घड्याळाची आहे. ते घड्याळ मूल कुठे आहे याची माहिती कोणत्या सर्व्हरला पाठवते आणि ती पाठवताना कुलूपबंद करते की नाही, हे आम्ही पाहत होतो. अकरा दिवसांच्या नोंदी झालेल्या आहेत, दहा दिवसांच्या बाकी आहेत, आणि आतापर्यंतच्या नोंदी चिंता वाटावी अशा आहेत. घड्याळ डाव्या बाजूच्या कपाटात, पावतीसह ठेवले आहे. ज्या कोणाकडे ही वही जाईल त्याने ती चाचणी पूर्ण करावी आणि जे निघेल ते दाखवावे.

आपली विश्वासू,
एक दूरचित्रवाणी तंत्रज्ञान पत्रकार